वॉकरवरचा हरियाल

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन जीव असे होते, ज्यांनी जमिनीला पाय लावायचा नाही असं ठरवलेलं होतं. एक माझी सासू आणि दुसरा हरियाल. हरियाल नंतर आला. आत्याबाईंचा निर्णय आधीच झालेला होता.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामाजी. आत्याबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाके सुकले. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, "हाड छान जुळलंय. काळजी करण्यासारखं काही नाही. आता यांना चालवा." आत्याबाईंना हे वाक्य फार लागलं. गाडीत बसल्यापासून मंगरूळपीर ओलांडून आमचं गाव येईपर्यंत त्या एकच बोलत होत्या, "काळजी नाई म्हने! ज्याचं मोडलं त्याले इचार ना बाप्पा."

घरी आल्यावर त्या बाजेवर बसल्या त्या बसल्याच. चालायचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे. मामाजींनी आवाज चढवून पाहिला. माझ्या नवऱ्याने लाडीगोडी लावून पाहिली. विहारातल्या बाया रविवारी वंदना झाली की घोळक्याने येत आणि कोणाची कोणती म्हातारी कशी पळायला लागली ते सांगत. शेवटी एकदा मीच स्पष्ट विचारलं, की आत्याबाई, तुम्हाला नेमकं वाटतं तरी काय?

"जमिनीनं दगा देला मले," त्या म्हणाल्या. "साऱ्या जिंदगीत अनवाणी निंदलं, खुरपलं, तिनं कधी पाडलं नाई. आन आता घरातल्या घरात पाडते? मी नाई आता तिच्यावर पाय देत."

जमिनीची बाजू घ्यायला मी काही तलाठी नाही. मी पंचायत समितीत कारकून. सकाळी आत्याबाईंचं बेडपॅन, अंग पुसणं, चहा, डबे, मग धावत एसटी. संध्याकाळी परत तेच. मला राग यायचा आणि त्या रागाची मला लाजही वाटत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं की फार दिवस अशा बसल्या तर पायातलं बळच जाईल, मग चालायची इच्छा झाली तरी उपयोग नाही. म्हणजे हा सगळा हट्ट कायमचा होणार होता. रात्री अंथरुणावर पडलं की तोच विचार छातीवर येऊन बसायचा.

डॉक्टरांनी लिहून दिलेला वॉकर आम्ही आणला होता. चांगला, चकचकीत, चार पायांचा. त्याच्यावर माझ्या साड्या झकास वाळत.

मामाजी जुने एसटी ड्रायव्हर. रिसोड, मानोरा, पोहरादेवी, सगळे रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले. जगात जे जे घडण्यासारखं आहे ते त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलेलं आहे. बायकोच्या बाबतीत मात्र ते एकदम गप्प झाले होते. एकच करायचे. आत्याबाईंच्या चपला दारामागे ठेवलेल्या होत्या, त्या अधूनमधून उचलून फडक्याने पुसायचे आणि परत तिथेच ठेवायचे. मी पाहते आहे असं कळलं की म्हणायचे, "धूळ लय झाली घरात." हा टोमणा मला होता, पण मी तो ऐकून घेतला.

असं चाललेलं असताना एके सकाळी हरियाल आभाळातून आत्याबाईंच्या मांडीवर पडला.

अतिशयोक्ती नाही. अंगणात कडुलिंबाखाली त्यांची बाज टाकलेली होती, पायावर गोधडी. विहारापुढच्या पिंपळाला फळं धरली होती आणि हरियालांचा थवा रोज सकाळी तिथे उतरत असे. हिरव्या पानांत हिरवे पक्षी. शीळ घातल्यासारखा आवाज येतो, दिसत मात्र कोणी नाही. त्या दिवशी कशाने तरी थवा उडाला, एकजण आमच्या घराच्या सर्व्हिस वायरला धडकला आणि धप्पकन गोधडीवर.

"अवं, पोपट पडला!" आत्याबाई ओरडल्या.

पोपट नव्हता. पारव्याएवढा, छाती हिरवट पिवळी, डोकं राखी, खांद्यावर जांभळी छटा आणि पाय पिवळेधमक. हळद लावलेल्या नवरीचे असावेत तसे. एक पंख लोंबत होता. मी त्याला उचलून खाली फरशीवर ठेवायला वाकले तर मामाजी असे किंचाळले, की मला वाटलं साप निघाला.

"खाली ठिवू नको! हरियाल हाय तो! जमिनीले पाय लागला का मेला!"

हा समज आमच्याकडे घरोघरी आहे. हरियाल जन्मात जमिनीवर उतरत नाही. पाणी प्यायला उतरायचीच वेळ आली तर पायात काडी धरून उतरतो, म्हणजे पाय काडीवर, काडी जमिनीवर. मामाजींनी हे पोहरादेवीच्या रस्त्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी विचारलं, गाडी चालवताना? ते म्हणाले, "मंग काय उतरून पाहू?"

मी कुठेतरी वाचलं होतं की हे काही खरं नाही. तसं म्हणालेही. पण घरात माझं एकटीचं मत. माझा नवरा लाइनमन आहे. तो माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "बाबा म्हंतात त्याच्यात पॉइंट हाय. तारेवर पक्षी बसते, त्याले काई होत नाई. काहून? अर्थिंग नाई. जमिनीले लागला का अर्थिंग झालं."

"तू बोलूच नको," आत्याबाई त्याला म्हणाल्या. "तुयाच तारेनं पाडलं याले."

तो पक्कड उचलून ड्युटीवर गेला.

मग वाद निघाला की जमीन म्हणजे नेमकं काय. फरशी जमीन का? हो, कारण ती मातीवर बसवलेली. घराचा स्लॅब? तो भिंतींवर, भिंती पायव्यावर, म्हणजे फिरून जमीनच. मग बाज? तिचे पायही जमिनीवर. यावर मामाजी अडले. आत्याबाईंनी मात्र निकाल दिला, "बाजेले सुतळी हाय. सुतळीवर चालते. मी नाई का बसली?"

ऑफिसात फोन करून रजा टाकली. हरियालचे पंख माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळले, पायात कडुलिंबाची काडी दिली आणि मी व मामाजी मंगरूळपीरच्या जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. आत्याबाईंजवळ शेजारीण बसली. एसटीत चढताना मला शंका आली, ती मी मुद्दामच विचारली. मामाजींकडे उत्तर तयार होतं, "चाकाले रबर असते."

कंडक्टर मामाजींच्या ओळखीचा निघाला. त्याने खिडकीजवळची सीट रिकामी करून दिली. मला नव्हे, पक्ष्याला. मी फक्त काडी धरणारी. स्टॉपवर चढणारा प्रत्येकजण विचारी, "पोपट हाय काय? बोलते काय?" आधी मी समजावून सांगत होते. मग नुसतं नाही म्हणायला लागले. शेवटी शेवटी मी म्हटलं, "बोलते, पन आज त्याची तब्येत बरी नाई." लोकांचं त्याने जास्त समाधान झालं.

डॉक्टरांनी पंख ताणून पाहिला. हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार होता. "काही दिवस आराम द्या, उडेल. खोक्यात ठेवा."

"खोकं कुठी ठेवाचं?" मामाजींनी विचारलं.

"कुठं म्हणजे? जमिनीवर."

मामाजींनी माझ्या हातातली काडी घेतली आणि ते पक्ष्यासकट बाहेर निघून गेले. मला डॉक्टरांची माफी मागावी लागली. त्यांनीच मग वनविभागाला फोन करायला सांगितलं.

घरी परतलो तोवर आत्याबाईंनी व्यवस्था लावून ठेवली होती. शेजारणीकडून त्यांनी वॉकरवरच्या माझ्या साड्या काढवल्या होत्या, वरच्या दोन दांड्यांना लिंबाची जाडशी फांदी सुतळीने बांधून घेतली होती आणि वॉकर बाजेला लावून उभा करवला होता. त्याच्या चारही पायांना रबरी बुचं असतात. रबराचं महत्त्व घरात सगळ्यांना पटलेलं होतं. अशा रीतीने त्या वॉकरचा पहिला वापर हरियालने केला.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक मोटारसायकलवर आला. तरुण, तडफदार माणूस. त्याने पक्ष्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "आपल्या राज्याचा पक्षी हाय हा. कायद्याचं संरक्षण हाय याले. धरला, पाळला, मारला तर गुन्हा."

मामाजींनी उभी नोकरी एकाच गोष्टीची धास्ती घेत काढली, ती म्हणजे केस. त्यांनी दोन्ही हात वर केले. "साहेब, आमी नाई धरला. तो पडला. बाजेवर पडला. जमिनीले तर लागलाई नाई."

वनरक्षक हसला. तुम्ही कळवलंत म्हणजे प्रश्न मिटला, पिंजरा आणि गाडी मिळाली की मी येऊन नेतो, तोवर सांभाळा, म्हणाला. पूर्वी लोक यांची शिकार करून खायचे, असंही त्याने सांगितलं. त्यावर मामाजी एकदम छताकडे पाहायला लागले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"मंग आता थोडेच उरले असतीन हे?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झालेला होता. तो आवाज मी त्या सबंध दुखण्यात ऐकला नव्हता.

"नाई नाई, आजी. जगातल्या पक्ष्यांची यादी असते, कोनाची किती काळजी कराची ते ठरवाले. त्याच्यात हरियाल एकदम खालच्या गटात हाय. काळजी करन्यासारखं काई नाई."

वनरक्षकाचा काही दोष नव्हता. अकोल्याच्या डॉक्टरांचं वाक्य त्याला काय माहीत? पण आत्याबाई बाजेवर ताठ झाल्या.

"कोनं केली वो ते यादी? इथी येऊन पाह्यलं काय त्यानं? पंख लटकून राह्यला त्याचा, आन म्हने काळजी नाई!"

"आजी, ते सगळ्या जातीबद्दल असते, या एकट्याबद्दल नाई."

"दुखते तर एकट्यालेच ना बाप्पा."

वनरक्षकाने टोपी काढून डोकं खाजवलं. मग तो जरा गंभीर होऊन म्हणाला की तुमचंही चूक नाही. पक्षी आज पुष्कळ आहेत, पण त्यांचं ताट कमी होत चाललंय. वड, पिंपळ, उंबर हेच याचं जेवण आणि रस्ते रुंद करताना पहिली तीच झाडं जातात. हे ऐकून मामाजींची नजर छतावरून खाली आली. रिसोडच्या रस्त्यावर कुठल्या फाट्याला वड होता, कुठल्या पुलाजवळ उंबराखाली ते गाडीच्या रेडिएटरला पाणी घालायचे, कोणत्या पिंपळाखाली म्हातारे गाडीची वाट पाहत बसायचे, असं एकेक झाड ते सांगत गेले. प्रत्येक झाडामागे शेवटी म्हणत, "तेई गेलं." मला त्यांचं वाईट वाटलं. नेहमी वाटतं असं नाही.

त्यानंतर आमचं घर हरियालचं सासर झालं. मामाजी नाल्यावर जाऊन उंबरं वेचून आणत. नवरा ड्युटीवरून येताना पिंपळाची फळं खिशात भरून आणी. खाकी पँटचा खिसा कायमचा जांभळा झाला. आत्याबाई बाजेवर बसून उंबर फोडत, आतले किडे निवडत आणि बोटाने भरवत. किडे निवडायची गरज नाही, रानात कोण निवडून देतं, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "रानात त्याले सासू नसते." पाणी त्या ड्रॉपरने पाजत. आता होस्टेलवर असलेल्या माझ्या मुलाच्या लहानपणीचा ड्रॉपर त्यांनी कुठून काढला, देव जाणे. तो माझ्या मुलाला औषध पाजायला मी मागत होते तेव्हा तर सापडला नव्हता.

मला हेवा वाटत होता, हे मी लपवत नाही. मी त्यांचं सगळं करत होते आणि त्या सगळं हरियालचं करत होत्या. त्यातून तो बाजेवर, गोधडीवर, वॉकरवर, जिथे असेल तिथे बिनदिक्कत घाण करायचा. म्हणजे आता दोघांचं काढायला मी. एकदा वैतागून मी म्हटलं, "आत्याबाई, तो बरा होऊन उडून जाईन. तुमी कवा उठता?"

त्यांनी हरियालच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "त्याले पंख हायेत, पोरी. मले काय हाय?" त्या हळूच म्हणाल्या. आवाजात हट्ट नव्हता. नुसती भीती होती, लहान लेकराला वाटते तशी. इतके दिवस मी भांडत होते ते हट्टाशी, आणि समोर ही भीती बसलेली होती. मी फडकं घेऊन वॉकर पुसत राहिले.

वनरक्षकाचा निरोप आला की गाडी मिळाली, उद्या येतो. आत्याबाई दुपारी जेवल्या नाहीत. ऊन चढलं होतं. मामाजी आतल्या खोलीत पंख्याखाली घोरत होते, नवरा ड्युटीवर. मी सुट्टीचा दिवस साधून गच्चीवर कुरडया घालत होते. खाली कडुलिंबाच्या सावलीत बाज, बाजेवर आत्याबाई, बाजेला टेकून वॉकर आणि वॉकरवर पाहुणा. सावलीच्या पलीकडे, उन्हात, कोंबड्यांच्या पाण्याचं घमेलं.

खालून फडफड ऐकू आली आणि पाठोपाठ आत्याबाईंची किंकाळी.

"अवं पोरी! धाव वं! पाय टेकवला त्यानं! पाय टेकवला!"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. हरियाल वॉकरवरून खाली झेपावला होता आणि अंगणात, चक्क मातीत उभा होता. पायात काडी नाही, काही नाही. मान पुढे काढत तो टुकुटुकु कोंबड्यांच्या पाण्याकडे चालला होता.

"आवो, उठा ना! मरते ते! कोनी हाय का नाई घरात!"

मामाजींचं घोरणं चालू होतं. माझे दोन्ही हात कुरडईच्या चिकाने भरलेले. तशीच जिन्याकडे पळाले. आमचा जिना घराच्या मागच्या अंगाला आहे; उतरून वळसा घालून अंगणात यावं लागतं. मी उतरते आहे आणि पुढून आत्याबाईंचा आरडाओरडा. मग अचानक आवाज बंद झाला. पडल्या, दुसरं काय असणार. कोपरा वळले.

बाज रिकामी होती.

आत्याबाई अंगणाच्या मधोमध, भर उन्हात उभ्या होत्या. दोन्ही हातांनी वॉकर गच्च धरलेला, त्याच्यावर ती लिंबाची फांदी तशीच बांधलेली, पदर खांद्यावरून घसरलेला, पोटऱ्या लटलट कापत होत्या. पुढे घमेल्याच्या काठावर हरियाल बसला होता आणि पाण्यात चोच बुडवून ओढून ओढून पाणी पीत होता. मान वर करायचं नाव नाही. इतके दिवस ड्रॉपरने थेंब थेंब पिऊन बिचाऱ्याची तहान राहिली असणार.

मी जवळ जाऊन त्यांना धरणार होते, पण चिकाने भरलेले हात मध्येच थांबले. त्या मुळी पडतच नव्हत्या.

पाणी पिऊन हरियालने आमच्याकडे एकदा पाहिलं, पंख झटकले आणि तो उडाला. आधी कडुलिंबावर. तिथून विहाराच्या पिंपळावर. पिंपळात गेल्यावर तो कुठला आणि पान कुठलं ते ओळखू येईना.

"मेलं नाई वं ते," आत्याबाई म्हणाल्या.

"नाई."

"जमिनीले पाय लागला तरी?"

"हो."

त्या पिंपळाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी सावकाश मान खाली घातली आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय मातीत होते. मला रडू आलं आणि मी चिकाच्या हातांनीच डोळे पुसले. त्याने ते जास्तच चुरचुरले.

"आता रडत काय बसली?" त्या एकदम खेकसल्या. "चपला आन माह्या! पाय भाजून राह्यले!"

मी वळले, तर दारात मामाजी उभे होते. कधी उठले, कोणास ठाऊक. बनियनवर, डोळ्यांवर झोप, आणि हातात चपला. एका हाताने चौकटीचा आधार घेत ते उतरले, उन्हातून चालत आले, गुडघे कुरकुरत खाली बसले आणि आपल्या बायकोच्या पायांपुढे त्यांनी त्या सरळ लावून ठेवल्या. आधी डावी, मग उजवी. त्यांच्यावर धुळीचा कण नव्हता.